घर-सल्ला : छप्पर गळते ते नेमके कुठून?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातील आमचे जांभ्याच्या चिऱ्यांचे घर सुमारे ६० वर्षांपूर्वीचे असून त्यावर मंगळुरी कौले आहेत. गेल्या पावसाळ्यात माजघरात गळू लागले, तेव्हा त्या जागची कौले बदलून घेतली, तरीही तेथेच ठिबकत राहिले. कारागीर म्हणतात की आता सगळे छप्पर उतरवून पत्रे घाला. खरोखर तशी वेळ आली आहे का, हे मुंबईत राहणाऱ्या आम्ही कसे ओळखावे?

उत्तर : कौल बदलूनही गळती थांबत नसेल, तर दोष बहुधा आणखी वर, आढ्याच्या (छपराच्या माथ्यावरील आडव्या लाकडाच्या) बाजूला, किंवा कौलाखालच्या लाकडात असतो. आत शिरलेले पाणी सरळ खाली पडत नाही. ते रिपेवरून (कौले टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवरून) वाशावर, म्हणजे उतरत्या लाकडावर, येते, वाशाच्या उताराने काही फूट वाहते आणि एखाद्या सांध्यापाशी ठिबकते. त्यामुळे जमिनीवरच्या डागाच्या बरोबर वरचे कौल बदलण्याऐवजी वाशावरचा ओला माग आढ्याकडे शोधत न्यावा आणि तेथे खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात काम करणाऱ्याला ती सापडेल.

मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यात तयार होऊ लागलेल्या या कौलांची सारी मदार एका कौलाची कड शेजारच्या कौलाच्या खाचेत नीट बसण्यावर आहे. वासा वाकला की खाचा उघडतात आणि वाऱ्याबरोबर येणारे पाणी आत शिरते. मग तेथे कितीही नवी कौले घातली तरी व्यर्थ. म्हणून मे महिन्यात गावी जाल तेव्हा प्रथम अंगणात लांब उभे राहून आढ्याची रेघ आणि पाखे, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, पाहावे. आढे मध्ये खचलेले किंवा पाख्यात पोक आलेला दिसल्यास प्रश्न कौलांचा राहिलेला नाही. त्यानंतर माळ्यावर चढून प्रत्येक वाशाची दोन्ही टोके, म्हणजे भिंतीवर टेकलेला भाग आणि वळचणीकडचा भाग, पेचकसाने टोचून पाहावीत, कारण लाकूड कुजते ते बहुधा तेथूनच. पेचकस सहज आत गेला, भुसा गळाला किंवा वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर तो वासा बदलावा लागेल. काही वाशांची टोकेच कुजली असतील, तर चांगला सुतार तेवढाच भाग कापून नवे लाकूड जोडून देतो. मात्र आढेच पोखरले असेल किंवा बहुतेक वासे मऊ पडले असतील, तर छप्पर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

कौलांची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारे कौल ठेवावे, बद्द आवाजाचे, पापुद्रे सुटलेले काढावे. आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंटचा सांधा तडकला आहे का, हेही पाहावे. पुष्कळ गळती तेवढ्यानेच थांबते.

पत्र्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे, कारण उन्हाळ्यात ते घर तापवतात आणि पावसात बोलणे ऐकू येऊ देत नाहीत. तथापि, माकडांच्या धुडगुसाने दरवर्षी कौले फुटत असतील, तर पत्र्यांचा विचार करणाऱ्याला मी दोष देणार नाही. मात्र पत्रे वादळात टिकतात, हा समज बाळगू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात कौलांबरोबर पत्रेही उडाले होते. निर्णय काहीही होवो, काम मृग नक्षत्रापूर्वी संपवावे.

प्रश्न : पुण्यात आमची सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. छताला तांबूस डाग पडले असून गिलावा सुटत आहे. गच्चीवर जलरोधक रंग लावल्यास पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. तांबूस डाग आणि सळईच्या रेषेत गेलेली सरळ भेग म्हणजे आतील लोखंड गंजून फुगू लागल्याची खूण होय. केवळ पांढुरके किंवा बुरशीचे डाग असते, तर गच्चीच्या कोब्याची (पाणी अडवणाऱ्या थराची) आणि पावसाळी नळांच्या तोंडांची दुरुस्ती पाहता आली असती. येथे मात्र छतावर हलकेच हातोडी मारून पोकळ आवाजाचा भाग आखून घ्यावा, त्याखाली कोणाला झोपू देऊ नये आणि स्थापत्य अभियंत्याकडून सळयांची तपासणी करून घ्यावी. इमारतीला १५ वर्षे झाली असतील, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी, संरचनात्मक तपासणी करणे संस्थेवर बंधनकारक आहे. त्यामुळे अर्ज संस्थेकडेच लेखी द्यावा.