मरिनच्या डोंगरांत ग्रॅव्हल सायकल चालेल, की माउंटन बाइक घ्यावी लागेल?

पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला नुकते आलात, सिंहगड-मुळशीची सवय आहे, ४० मिलिमीटर टायरची ग्रॅव्हल सायकल (सडकेच्या सायकलसारखीच, पण कच्च्या रस्त्यावरही चालणारी) जवळ आहे आणि गोल्डन गेट पुलापलीकडे मरिन काउंटीत, समुद्राकाठचे डोंगर आणि घळी पालथ्या घालायच्या आहेत. त्यासाठी माउंटन बाइक घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. आहे ती सायकल उत्तम चालेल. फार तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, जास्त दात्यांची बसवून घ्या, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला मागच्या चाकाचा एकच फेरा होईल.

रस्ता निवडताना मात्र तो मुळात कशासाठी काढला होता, हे आधी बघा. इथे सायकलींना परवानगी आहे ती मुख्यतः फायर रोडवर, म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्या जातील अशा रुंद कच्च्या रस्त्यांवर. अरुंद पायवाटा बहुतेक ठिकाणी चालणाऱ्यांसाठी राखीव आहेत. पण सगळे फायर रोड सारखे नाहीत. काही आगगाडीसाठी काढलेले, काही लष्करासाठी, काही गुरं राखणाऱ्यांनी कुंपणाच्या कडेकडेने पाडलेले. नकाशावर सारखीच तुटक रेघ दिसते आणि मांड्यांना फरक कळतो. आगगाडीचा रस्ता वळणं घेत एका चालीने चढतो, गुराख्यांचा थेट सोंडेवर उभा चढतो.

म्हणून पहिली फेरी ओल्ड रेलरोड ग्रेडवर करा. १८९६ साली मिल व्हॅली गावातून माउंट टॅमल्पायस ऊर्फ ‘टॅम’ या डोंगराच्या माथ्यापर्यंत डोंगरी रेल्वे सुरू झाली. सव्वाआठ मैलांत २८१ वळणं, म्हणून ‘जगातली सर्वांत वाकडी रेल्वे’ अशी तिची जाहिरात असे. चढ जास्तीत जास्त ७ टक्के. नेरळ-माथेरानच्या गाडीत बसला असाल तर अंदाज येईल: तिथे चढ ५ टक्क्यांपर्यंत आणि डोंगराची उंचीही जवळपास सारखीच, कारण टॅमचं पूर्व शिखर ७८४ मीटरवर आहे. माथेरानचे रूळ उचलले आणि नुसती वाट ठेवली, तर सायकलला जसं होईल तसंच हे आहे. उतरताना प्रवाशांना बिनइंजिनाच्या डब्यात बसवून नुसत्या ब्रेकच्या भरवशावर खाली सोडत. पुढे मोटारी आल्या, १९२९ साली मोठा वणवा लागला आणि १९३० मध्ये रेल्वे बंद पडली.

सुरुवात ब्लाइदडेल घळीतून होते. इथे रेडवूड या उंच सूचीपर्णी झाडांची दाट सावली असते, उन्हाळ्यातही माती ओलसर आणि टायरखाली मऊ लागते. मध्ये थोडा डांबरी तुकडा येतो, तो संपला की झाडी विरळ होते आणि मँझनिटाची गुळगुळीत, तांबूस सालीची झुडपं सुरू होतात. त्यानंतर प्रत्येक वळणाला खाडी आणि शहर थोडं अधिक दिसत जातं. १९०४ मध्ये रेल्वेने बांधलेलं वेस्ट पॉइंट इन हे विश्रामगृह अजून उभं आहे. खोल्यांत वीज नाही, पण व्हरांड्यात बसायला जागा आहे आणि पाणी भरून घेता येतं. तिथे थांबाच. पुढे माथ्यापर्यंत वाट जास्त खडकाळ होते. ४० च्या टायरला चालते, फक्त हात सैल ठेवा आणि घाई करू नका. उतरताना वेगमर्यादा ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर आणि माणसाजवळून जाताना ५ मैल. हे नियम पाळा, कारण चालणारे आणि सायकलवाले यांच्यातला वाद इथे कित्येक वर्षांचा आहे आणि तुमच्या एका बेफाम उताराची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

दुसरी फेरी मरिन हेडलँड्समध्ये, म्हणजे पुलापलीकडच्या समुद्राकाठच्या डोंगरांत. टेनेसी व्हॅलीच्या पार्किंगपासून मॅरिनसेलो ट्रेल वर जातो. हा रस्ता एका शहरासाठी काढला होता. १९६४ साली थॉमस फ्रूज या बिल्डरने गल्फ ऑइल कंपनीच्या पैशावर इथे ३०,००० वस्तीचं मॅरिनसेलो उभं करायचं ठरवलं. टोलेजंग इमारती, मॉल, हॉटेल, सगळं आराखड्यात होतं. प्रवेशद्वार बांधून झालं, रस्ताही कापला गेला. स्थानिक लोक आणि काही वकील कोर्टात गेले, योजना अडकली, आणि १९७२ मध्ये ती जमीन निसर्गसंवर्धनासाठी विकत घेतली गेली. त्याच वर्षी गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरिया हे संरक्षित क्षेत्र स्थापन झालं. ज्या रस्त्याने इमारतींचं सिमेंट जायचं होतं त्यावरून आज बॉबकॅट हे रानमांजर जातं. मला हा चढ टॅमपेक्षाही प्रिय आहे. वर आलात की बॉबकॅट ट्रेलने गर्बोडी खोऱ्यातून रोडिओ लगून या किनाऱ्यालगतच्या तळ्यापर्यंत उतरा आणि मिवॉक ट्रेलने परत चढा.

हेडलँड्समध्ये जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे सायकल उभी करून दगड जवळून बघा. दोन-तीन बोटं जाडीचे लाल थर एकावर एक, मध्ये मातकट शेलच्या पातळ पट्ट्या, आणि सगळी चळत वाकून, दुमडून गेलेली. हा चर्ट. कोट्यवधी वर्षांपूर्वी पॅसिफिकच्या खोल तळाशी रेडिओलेरिया नावाच्या एकपेशी जीवांची कवचं साचून तो झाला, आणि भूखंडाच्या रेट्याने इथवर येऊन दुमडला. रंग जांभ्याच्या जवळचा, पण जांभा सच्छिद्र आणि हा काचेसारख्या धारेने फुटतो. टायरची बाजू कापते ती याचीच चीप. टायर ट्यूबलेस करा, सोबत भोक बुजवायचे प्लग ठेवा. माझं वजन साठ किलोच्या आसपास आहे, ४२ च्या टायरमध्ये मी हवेचा दाब पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय ठेवते. तुम्ही जड असाल तर थोडा वाढवा, पण सडकेच्या सायकलसारखी दगडी हवा भरू नका.

या दोन वाटा अंगवळणी पडल्या की बोलिनास रिजला जा. डोंगराच्या पाठीवरून साधारण ११ मैल खालीवर होत जाणारी वाट, अर्धी रेडवूडमधून, अर्धी गायींच्या कुरणातून. फाटकं उघडून पुन्हा लावायला विसरू नका. पश्चिमेला खाली दिसतं ते सरळसोट ओलेमा खोरं, त्यातून सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, जाते.

पहिल्या काही महिन्यांत म्युअर बीचवरून चढणारा कोस्टल फायर रोड टाळा. उभा आणि भुसभुशीत आहे, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. टेनेसी व्हॅलीतून कायोटी रिजचा चढही त्याच जातीचा. फेअरफॅक्स गावाजवळच्या रिपॅक या उताराबद्दल ऐकाल. १९७६ पासून तिथे जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती झाल्या, ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि दर उतारानंतर नव्याने भरावं लागे. माउंटन बाइकचा जन्म तिथलाच. तो इतिहास गावातल्या सायकल संग्रहालयात बघा, उतार मात्र रुंद टायरवाल्यांना सोडा.

पॉयझन ओक हे अंगावर उतणारं झाड ओळखायला पहिल्याच दिवशी शिका. तीन-तीन पानांचा झुबका, वसंतात चकचकीत हिरवा, उन्हाळा सरता सरता लाल. बिब्बा आणि काजूच्याच कुळातलं हे झाड. बिब्बा उतलेला बघितला असेल तर अधिक सांगायला नको. कडेला सायकल आडवी टाकू नका, घरी गेल्यावर पायांबरोबर हँडलबारची टेपही साबणाच्या पाण्याने पुसा.

पावसाचं वेळापत्रक आपल्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात, तेव्हा वाटा चिखलाच्या, म्हणून मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस जाऊ नका, ओल्या मातीत चाकाने पडलेली चाकोरी पुढे उन्हाळाभर तशीच राहते. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर हिरवे आणि फुललेले. जून ते ऑगस्ट किनाऱ्यावर दाट धुकं, त्यात बोटं गारठतात, पातळ विंडचीटर नेहमी बरोबर असू द्या. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत स्वच्छ, पण तेव्हाच वणव्याचा धोका, म्हणून निघण्याआधी वाटा बंद आहेत का ते बघा.

वेळ सकाळची धरा, शनिवार-रविवारी तर आठच्या आत पार्किंगला पोचा. घोडा समोर आला तर थांबा आणि स्वाराशी मोठ्याने बोला, म्हणजे जनावराला कळतं की समोर माणूस आहे. दुपारनंतर पुलावर समुद्राकडून आडवा वारा सुटतो. थकलेल्या पायांनी त्याच्याशी झटण्यापेक्षा पुलाजवळच्या सॉसालिटो गावाला उतरून फेरीबोट पकडा. सायकल बोटीवर नेता येते.