वाचक विचारतात : दारावरचं साल की छपरावरची कौलं?

प्रश्न : वसई भागातल्या आमच्या गावच्या चर्चच्या दारावर सोळाव्या शतकातलं साल कोरलं आहे. छपरावर मात्र मंगलोरी कौलं आहेत. इमारत नेमकी किती जुनी? दिवाळीनंतर नवा गिलावा करायचा आहे.

उत्तर : दारावरचं साल आणि कौलांचा काळ, दोन्ही खरे असू शकतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये मिळाली, त्यामुळे सोळावं शतक अशक्य नाही. पण दारावरचं साल बरेचदा धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतली ख्रिस्ती वस्ती) स्थापन झाल्याचं असतं, आजच्या भिंतींचं नव्हे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६० च्या दशकातला, म्हणजे छप्पर त्यानंतरचं. त्यावरून भिंतींचं वय काढू नका. वासे वाळवी खाते, छप्पर बदलतच राहतं.

घंटेवरच्या सालाने तर हमखास फसगत होते. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे आणि मंदिर १७४७ चं! १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर इथल्या घंटा कुठून कुठे गेल्या.

खरा पुरावा भिंतीत असतो. दगडांचे थर एकाएकी तुटून उभी सरळ रेघ दिसली, तर तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी बांधल्या आहेत. मनोरा किंवा दर्शनी भिंत मागाहून जोडली असेल, तर हा सांधा कोपऱ्यातच सापडतो. माळ्यावर चढून मनोऱ्याची आतली बाजू पाहा. तिथे गिलाव्याची तिरकी खूण असेल, तर जुनं छप्पर त्या उंचीवर होतं. बुजवलेली दारं, खिडक्याही शोधा.

कोरीव लेख रात्री वाचा. विजेरी भिंतीला टेकवून उजेड आडवा सोडला की झिजलेली अक्षरं सावलीने उठतात. रंगवलेल्या आकड्यांवर विसंबू नका. रंगाऱ्याच्या हातून सहाचा आठ सहज होतो. तारेचा ब्रश किंवा आम्ल तर लावूच नका.

गिलाव्याची घाई नको. जुना थर खिळ्याने खरवडून पांढरी भुकटी पडली, तर तो चुन्याचा. त्यावर सिमेंट चढवू नका. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार फुलतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. शिवाय सांधे झाकले जातात ते कायमचेच. जुना गिलावा निघाला की प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा, मगच चुना चढवा.

फादरांकडे बाप्तिस्म्याच्या वहीपेक्षा आधी जमाखर्चाची वही मागा. चुना, सागवान, कौलं कधी आली, ते तिथे मिळतं.