झाडांवर पीएच.डी. करून कुणाच्या आयुष्यात काय फरक पडतो? त्यापेक्षा माणसांच्या आजारांवर करावी का?

हा प्रश्न माझ्या दादाने मला सहा वर्षं विचारला. तो डॉक्टर आहे, त्यामुळे त्याच्या प्रश्नाला प्रश्नचिन्ह नसायचंच.

मी अरॅबिडॉप्सिसवर काम करायचे. मोहरीच्या कुळातलं, वीतभर, दिसायला तण. रोज आठच तास उजेड दिला की ते बराच काळ फुलावर येत नाही, नुसती पानं धरतं. मला पानंच हवी होती. दहा दिवस सुट्टीवर गेले आणि ग्रोथ चेंबरचा, म्हणजे रोपं वाढवायच्या बंद कपाटाचा, टायमर बिघडला. दिवे रात्रंदिवस चालू. परतले तर ट्रेभर फुलांचे दांडे. दोन महिन्यांचं काम कचऱ्यात. घरी येऊन रडले, तर दादा म्हणाला, "रोपंच ना? परत पेर."

गेल्या वर्षी हाच दादा एका नव्या औषधाबद्दल भारावून बोलत होता. जनुकाचा निरोप प्रथिन बनण्याआधीच तोडणारं औषध. त्या जातीतलं पहिलं २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं. मी विचारलं, या प्रकाराची चाहूल आधी कशात लागली? म्हणाला, उंदरात असेल.

पिटुनियाच्या फुलात! १९९० साली. जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुलं चक्क पांढरी निघाली. नवी प्रत गप्प, मूळचीही गप्प. जनुकाचा निरोप नेणारा रेणू म्हणजे आरएनए. पुढे १९९८ मध्ये फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी कृमींमध्ये दाखवलं की दुपदरी आरएनए जनुकाला असंच गप्प करतो, आणि २००६ चं नोबेल घेतलं. ही औषधं ज्या इवल्या आरएनए तुकड्यांवर चालतात, ते हॅमिल्टन आणि बॉलकम यांना १९९९ मध्ये रोपांतच सापडले होते. त्यांचं नाव त्या नोबेलात नाही. दादा "हं" म्हणाला आणि मोबाइल बघू लागला.

तेव्हा ऑक्सिजन, अन्न वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. आजारांवर करायची ओढ असेल तर जरूर करा. घरच्यांना सांगायला बरं वाटतं म्हणून मात्र नको. आणि गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. सुट्टीत चेंबर बंद पडलं तर कोण धावतं, एवढं विचारा.

हो, नोकऱ्या कमी आहेत. तेवढं दादाचं खरं होतं, पण हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.