रूट कॅनल केलेली दाढ टिकवायची तर

बीड जिल्ह्यातल्या केजला दातांचं क्लिनिक टाकतोयस, तर आधी हे ऐक. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनल, म्हणजे मुळातली नसेची नळी, आहे असंच धरून शोध. राहून गेलेला कॅनल पुढं बऱ्याचदा त्रास देतो. रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावल्याशिवाय फाईल, म्हणजे कॅनल घासायची बारीक सुई, हातात घेऊ नकोस. हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यानं कॅनल धुताना घाई नको, कारण फाईल सगळ्या भिंतींना पोचत नाही.

खरी अडचण त्यानंतर. ठणका थांबला की पेशंट फिरकत नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात, त्या पार उन्हाळ्यापर्यंत. तात्पुरत्या सिमेंटवर तेवढे महिने दाढ सोडलीस तर लाळ आत झिरपणार, नाहीतर दाढ चिरणार. अशा माणसाला जाण्याआधीच पक्कं फिलिंग करून दे, दाढेचे उंचवटे झाकून. कॅपचा खर्च पहिल्याच दिवशी सांग, हप्ते पाडून दे. आणि हिरडीच्या वर चहूबाजूंनी 2 मिलिमीटर भक्कम दात उरत नसेल, तर कॅप टिकणं अवघड आहे हे पैसे घेण्याआधी स्पष्ट बोल. गरिबाचा पैसा आहे तो.

शुगर असेल तर भरून यायला वेळ लागतो. दुखत नसलं तरी वर्षानं एक्स-रेला बोलाव. मुळाशी काळा डाग, म्हणजे हाड झिजल्याची खूण, लहान होताना दिसला, तर पुन्हा उकरू नकोस. काही डाग भरायला 4 वर्षंही घेतात.