‘ते आईचं आहे’

“मॅडम, एक काम पूर्ण करत नाही बघा. उत्साहानं सुरू करतो आणि मध्येच सोडून उठतो.” सोलापुरात मुलांना घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या इतक्या आयांनी मला हे सांगितलंय की पुढचं वाक्यही आता पाठ आहे: “मोबाईल दिला तर मात्र दोन तास हलत नाही.” म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि चार भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

मुलगा नऊ वर्षांचा. वडील टॉवेलच्या कारखान्यात, त्यामुळे घरात रिकामी खोकी आणि सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन भरपूर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाईल सुटावा म्हणून आईनं व्हिडिओ बघून बेत आखला: कोनाचा दिवा, खोक्याचा पेनस्टँड, फोटोची चौकट. “सामान मी काढून देते, मापं घेऊन कापून देते, तरी हा दहा मिनिटांत उठतो,” आई म्हणाली. तिनं पेनस्टँडचा फोटो दाखवला. खरोखर देखणा होता.

मी मुलाला विचारलं, “हा तू केलास?”

“नाही. ते आईचं आहे.”

“मग तू काय केलंस?”

“गमाची बाटली धरली.”

आईचे डोळे भरून आले. “वाकडं चिकटवत होता हो, म्हणून मी घेतलं हातात.”

तिसऱ्या भेटीला मी एक रिकामं खोकं टेबलावर ठेवलं. आईला एवढंच सांगितलं की पंधरा मिनिटं हात मांडीवर ठेवायचे आणि काही सांगायचं नाही. मुलाला विचारलं, “घरात कुणाला काय लागतं?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आज्जीच्या गोळ्या सापडत नाहीत. सकाळच्या रात्री खाती.”

त्यानं खोक्याची एक बाजू फाडली आणि दुमडायला लागला. पुठ्ठा चुरगळला. पुन्हा दुमडला, पुन्हा चुरगळला. आईचा हात पुढे आला. मी नुसतं बघितलं, तिनं मागे घेतला. ती दोन मिनिटं तिला किती जड गेली ते मी बघत होते. मुलानं तुकडा डोळ्यांजवळ नेला, कडेनं आत पाहिलं, आडवा फिरवला आणि दुमडला. घडी सरळ बसली. “मॅडम, ह्याच्या आत रेघा हायत! रेघांच्या बाजूनं वाकतंय!”

दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याचं लक्ष लागत नाही म्हणून आणलं होतं, ते मूल बावीस मिनिटं एका तुकड्यावर होतं. लक्ष त्याच्याकडे होतंच. आईचा हात त्याच्या चुकीच्या आधी पोचायचा, म्हणून ते लागायला जागा उरत नव्हती. इतक्या वर्षांच्या कामात इतकं स्वच्छ मलाही क्वचितच दिसलंय, आणि त्या दिवशी मी गप्प राहू शकले याचं समाधान आहे.

मी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना मानणारी आहे. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम करायला गेल्या, आणि महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळेल त्यातून मुलांचं शिक्षण उभं केलं. आपल्याकडे तर खोकी दारात पडून असतात.

तेव्हा पालकांनो, व्हिडिओतली वस्तू करायला देऊ नका. घराची अडचण मुलालाच शोधू द्या: चार्जरची गुंतवळ, चमचे, चपलांचा पसारा. चिकटपट्टी आणि पिना काढून खोकं त्याच्या हातात द्या. भिजलेला किंवा तेलकट पुठ्ठा घेऊ नका. कटर फक्त मोठ्यांनी चालवायचा, तोही मुलानं आखलेल्या रेषेवर, रेष वाकडी असली तरी. चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ पुरते. वस्तू उन्हात कडक वाळवा, नाहीतर झुरळं लागतात. आपल्या उन्हाला ते काम अवघड नाही. “वा, छान!” म्हणण्यापेक्षा “ही बाजू कशी उभी राहिली?” असं विचारा. आणि वस्तू वापरा. शोकेसमध्ये ठेवली तर मुलाला कळतं की ती कुणाच्या उपयोगाची नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. आवडत्या खेळातही मूल टिकत नसेल, शाळेत आणि घरी दोन्हीकडे सारखीच ओढाताण असेल, तर पुठ्ठ्यावर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

चौथ्या भेटीला आई एकटीच आली. गोळ्यांचा डबा तीन खणांचा झाला होता, सूर्य, ताट आणि चंद्र काढलेला, कारण आज्जीला वाचता येत नाही. रात्रीचा खण चार दिवसांत खचला. “मी काहीच बोलले नाही मॅडम,” ती म्हणाली. “संध्याकाळी बघितलं तर त्यानं खाली पट्ट्या लावल्या होत्या. रेघा उभ्या करून.”