मुलीची वही आणि बाबांचा आराखडा

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञानला ७८ टक्के मिळवून पास झाली. मी बांधकाम व्यवसायात आहे. तिने आर्किटेक्चर करावं असं आम्ही ठरवलं आहे, पैशांची तजवीजही झाली आहे. पण तिला मोडकळीला आलेल्या गृहवसाहती सुधारायचं काम करायचंय आणि त्यासाठी समाजकार्य शिकायचं म्हणते. सुट्टीभर ती सहा इमारतींच्या एका जुन्या वसाहतीत दारोदार फिरत होती. तिच्या वहीच्या चार पानांचे फोटो जोडले आहेत. इमारती आर्किटेक्टच सुधारतात, हे तिला समजावून सांगावं. – एक पालक

उत्तर : तुमचं पत्र छापताना थोडं कापलंय. मूळ पत्रात ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा येतं आणि ‘ती म्हणते’ एकदाच, तेही तक्रारीच्या सुरात. ७८ टक्क्यांची मला काळजी नाही, त्या चार ‘आम्ही ठरवलं’ची आहे. आणि समजवायचं कुणाला, हे वही वाचल्यावर माझ्यापुरतं स्पष्ट झालं.

ती पानं तुम्ही वाचलीत का, की नुसता पुरावा म्हणून जोडलीत? दुसऱ्या पानावर लिहिलंय : ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे पाच घरांच्या किल्ल्या. मुलं शाळेतून आली की किल्ली घ्यायला वर जातात. आजींचा गुडघा दुखतो, लिफ्ट बंद, आठ महिने त्या खाली उतरलेल्या नाहीत.’ शेजारी पेन्सिलने, बारीक अक्षरात : ‘इमारत पाडली तर या पाच किल्ल्या कुणाकडे?’

हा प्रश्न तिला कुणी शिकवलेला नाही. मोठमोठ्या प्रकल्पांत तो लोक घरं सोडून पांगल्यावर सुचतो. तोवर आजी एका टोकाला गेलेल्या असतात, ती पाच घरं दुसऱ्या टोकाला.

आता तुमचं ते वाक्य, ‘इमारती आर्किटेक्टच सुधारतात’. अमेरिकेत सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची वसाहत होती. अकरा मजली ३३ इमारती, आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी, म्हणजे पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे आखणारे. १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये पाडापाडी सुरू झाली. डिझाइन फसलं म्हणून वसाहत बुडाली, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. डिझाइनमध्ये खोट होतीच. खर्च वाचवायला लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची, बाकीच्यांनी जिना चढायचा. पण खरं दुखणं हिशेबाच्या वहीत होतं. देखभालीचा खर्च भाड्यातून निघेल असं गृहीत धरलेलं. शहरातली माणसं आणि कामं कमी होत गेली, रिकामी घरं वाढली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. दुरुस्ती थांबली म्हणून आणखी लोक गेले. १९६९ मध्ये उरलेल्या भाडेकरूंनी भाडं न भरण्याचा संप केला. या फेऱ्यातून बाहेर काढणारी रेघ कुठल्याही ड्रॉइंग बोर्डवर मारता येत नाही. देखभाल कोण करणार, पैसे कुठून येणार, रहिवाशांचं ऐकायला कोण बसणार, हीसुद्धा कामंच आहेत. त्यांना पगार असतो, पदं असतात. ‘समाजसेवा’ म्हणून ती बाजूला सारू नका.

उलट उदाहरणही आहे. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्राँ पार्क वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. पाडण्याऐवजी प्रत्येक घराला बाहेरून काचेची प्रशस्त बाल्कनी जोडली. काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले, भाडंही वाढलं नाही. तुम्ही म्हणाल, बघा, हे तर आर्किटेक्टच! होय. लाकातों आणि व्हासाल, आर्किटेक्चरसाठीचा २०२१ चा प्रित्झकर पुरस्कार मिळालेली जोडी. पण त्यांचं म्हणणंच मुळी असं की पाडायचं नाही, आणि घरात राहणाऱ्याला काय हवंय ते आधी बघायचं. तुमच्या मुलीची सुरुवात तिथूनच झाली आहे.

आणि न ऐकण्याची किंमत? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झालं, बाहेरून नवं आवरण चढलं. रहिवाशांचा एक गट आगीच्या धोक्याबद्दल जाहीरपणे लिहीत होता. २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. आग भडकली ती त्या नव्या आवरणातून. तुम्ही बांधकामातले आहात, जास्त सांगायला नको. आगीच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे २०१८ पासून, लंडनच्या महापौरांच्या निधीतून मोठा प्रकल्प करायचा आणि त्यासाठी घरं पाडायची, तर आधी रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं. मतदानाआधी दारोदार जाऊन आराखडा समजावणारं, शंका नोंदवणारं, कुणाला कधी आणि कुठे हलवायचं याचं वेळापत्रक लावणारं माणूस लागतं. तुम्ही ज्याला भटकणं समजता, ते या कामाचं पहिलं वर्ष आहे.

आता थोडं तिच्यासाठी. पहिल्या पानावर तू लिहिलंयस, ‘मला भिंतींत रस नाही, माणसांत आहे.’ वाक्य छान आहे, पण चुकीचं आहे. कोपऱ्यातला काळा डाग फुटलेल्या पाइपचा की थंड भिंतीवर साचणाऱ्या बाष्पाचा, हे तुला ओळखता आलं नाही तर त्या घरातल्या दम्याच्या मुलासाठी तू नुसती हळहळशील. ठेकेदार सांगेल ते ऐकून घ्यावं लागेल, आणि ठेकेदार काय सांगतात ते तुझ्या बाबांना विचार. प्लॅन वाचता यायलाच हवा. अंदाजपत्रकही.

म्हणून माझं मत तुम्हा दोघांनाही अर्धंच आवडेल. पाच वर्षांचं आर्किटेक्चर गळ्यात मारू नका. नुसत्या समाजकार्यावरही मी थांबणार नाही. बी. प्लॅनिंग पाहा, नियोजनाची पदवी. किंवा आधी समाजकार्य अथवा समाजशास्त्र आणि मग नियोजनात पदव्युत्तर, पण त्या कोर्सला कोणत्या पदव्या चालतात ते आताच तपासून. नाटा, जेईईचा दुसरा पेपर, सीयूईटी या प्रवेश परीक्षांच्या तारखा आणि अटी तुम्ही एव्हाना पाठ केल्या असतील. पगार सुरुवातीला बांधकाम कंपनीपेक्षा कमी असेल, हे लपवत नाही.

फॉर्म भरण्याआधी एक करा. एका रविवारी तिच्याबरोबर त्या वसाहतीत जा. मोजायची टेप तुम्ही धरा, बोलणं तिच्याकडे. कुठे काय तोडायला हवं हे तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल. ते तासभर मनातच ठेवा. त्या तासात लोक तिला काय सांगतात ते ऐका, मग घरी येऊन अभ्यासक्रमाचं बोला. त्या बोलण्यात ‘आम्ही’ म्हणालात तर तीही त्यात असू दे.

आणि उरलेली पानं पाठवा. चौथं पान अर्ध्या वाक्यावर तुटलंय : ‘लिफ्ट दुरुस्तीचे पैसे जमले होते, पण सचिव म्हणाले की...’ काय म्हणाले?