इस्टेट सेलमधलं एम-वन हेल्मेट: तो वायर ब्रश आधी बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की ओहायोत एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे कुणी गेल्यावर घरातलं सामान विकतात तिथे, ४० डॉलरला जुनं अमेरिकन हेल्मेट मिळालं, आत लायनर, म्हणजे डोक्यावर बसणारी हलकी आतली टोपी, आहे, मागे पांढरी उभी पट्टी रंगवलेली आहे, विकणाऱ्या बाई म्हणाल्या वडील नॉर्मंडीला, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या १९४४ च्या लढाईत, होते, आणि आता वायर ब्रशने घासून नवा ऑलिव्ह रंग मारला तर किंमत किती येईल. कृपा करा आणि घासू नका. हात जोडून सांगतो. माझं पहिलं हेल्मेट मी असंच पेंट रिमूव्हर लावून चकाचक केलं होतं, अस्सल १९४२ चं होतं, आणि त्या एका दुपारीत त्याची निम्म्याहून जास्त किंमत गटारात गेली, अजून आठवलं की पोटात कालवतं. नुसतं मऊ कोरडं फडकं फिरवा, बस.

आता फोटोंवरून बोलतो. मी आधी भोसरीत आणि आता इकडे डेट्रॉइटजवळ प्रेस शॉपमध्येच आयुष्य काढलंय, त्यामुळे मी या वस्तूकडे आधी पत्र्याचा पार्ट म्हणून बघतो. एम-वन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन सैन्याचं पोलादी हेल्मेट, १९४१ मध्ये आलं, आणि युद्धकाळात दोनच कंपन्यांनी शेल, म्हणजे बाहेरची पोलादी वाटी, बनवले, डेट्रॉइटची मॅककॉर्ड, जी मुळात रेडिएटरवाली, आणि १९४३ पासून सेंट लुइसची श्लूटर. मिळून दोन कोटींच्या वर शेल निघाले, त्यातले बहुतेक मॅककॉर्डचे. पत्रा हॅडफिल्ड मँगनीज स्टीलचा, आणि त्यात सुमारे सात इंच खोल ड्रॉ, म्हणजे प्रेसमध्ये सपाट पत्रा खेचून तेवढी खोल वाटी, म्हणजे पत्र्याचा जीवच काढला. तो ताण आत राहतो आणि वर्षांनी कडेजवळ केसासारखे तडे जातात. तुमच्या फोटोत डावीकडे असा एक तडा दिसतोय, त्याला घाबरू नका, युद्धकाळातल्या शेलवर तो नेहमीचा आहे. चुंबकही लावून बघा. मँगनीज स्टीलला चुंबक नीट धरत नाही, खाटकन चिकटलं तर ते साध्या पत्र्याचं म्हणजे बहुधा नंतरची नक्कल समजा.

साल काढायला दोन जागा बघायच्या. एक, कडेवर जी पट्टी गुंडाळलेली असते तिची दोन टोकं कुठे जुळतात. सांधा समोर असेल तर जुना, १९४४ च्या शेवटी शेवटी तो मागे नेला. दुसरं, हनुवटीचा पट्टा अडकवायचे लूप, ज्यांना कलेक्टर लोक बेल म्हणतात. सुरुवातीला ते शेलला घट्ट वेल्ड केलेले असायचे, आपटलं की तुटायचे, म्हणून १९४३ च्या अखेरीस बिजागरीसारखे हलणारे आले. तुमच्यात सांधा समोर आणि लूप हलणारे, म्हणजे शेल साधारण १९४३ ची अखेर ते १९४४ ची अखेर या वर्षभरातलं, इतकं सरळ आहे ते. आत समोरच्या कडेजवळ जो नंबर आणि अक्षर ठोकलंय तो स्टीलच्या हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा शिक्का, आणि त्याच्याजवळ तुमच्याकडे एस दिसतोय, म्हणजे श्लूटर. मॅककॉर्डच्या मानाने कमी बनलेलं, ही चांगली बातमी. कडेवरचे रंगाचे पोपडे उडून पट्टी चमकतेय तेही बरोबर, ती स्टेनलेस आहे, तिच्यावर रंग टिकत नाही.

खरी भानगड रंगाची. युद्धानंतर सैन्याने हजारो जुने शेल परत रंगवून कोरिया आणि व्हिएतनामला वापरले, पट्टेही नवे लावले. मूळ रंगात बारीक कॉर्क मिसळलेला असायचा, हाताला खडबडीत पण बोथट लागतो, नंतरचा वाळूचा, टोचरा. जिथे टवका उडालाय तिथे भिंगातून बघा, हिरव्याखाली दुसरा हिरवा दिसला तर रिबिल्ड, म्हणजे असं नंतर परत रंगवलेलं. पट्ट्याचंही तेच, मूळ पट्टा लूपला शिवलेला असतो, क्लिपने अडकवलेला असेल तर नंतरचा. दोऱ्यावर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, पांढरा निळसर चमकला तर तो दोरा युद्धकाळातला नाही.

मागची उभी पांढरी पट्टी ऑफिसरची खूण, आडवी असती तर एनसीओची, म्हणजे सार्जंट वगैरेंची. पण अशा खुणा, रेडक्रॉस, डिव्हिजनचे बिल्ले, हेच सगळ्यात जास्त खोटे रंगवले जातात कारण त्याने किंमत उडी मारते. भिंग घ्या आणि एखादा पोचा किंवा ओरखडा पट्टीतून जातोय तो बघा. रंग ओरखड्याच्या खळग्यात उतरलेला असेल तर ओरखडा आधीचा आणि पट्टी नंतरची, म्हणजे संशय. पट्टी ओरखड्यासकट कापली गेलेली असेल, आत खालचं लोखंड दिसत असेल, तर निदान पट्टी त्याच्या आधीची आहे, एवढं म्हणता येईल.

लायनर शेलच्या कंपनीचा नसतो, त्यामुळे ते जुळत नाही म्हणून निराश होऊ नका. आतल्या माथ्यावर खूण बघा, वर्तुळातलं डब्ल्यू म्हणजे वेस्टिंगहाऊस, एमएसए म्हणजे माइन सेफ्टी अप्लायन्सेस, फायरस्टोनचा एफ वगैरे. कागदी लगद्यासारखा हलका आणि वर कापड असेल तर हॉली, तो ओलाव्याने खराब होतो म्हणून चांगल्या स्थितीतला दुर्मिळ, पण तो १९४१-४२ चा असतो, तुमच्या शेलसोबत नंतर कोणीतरी घातलेला असणार.

किंमत म्हणाल तर मूळ रंग, शिवलेला पट्टा आणि त्या काळचा लायनर टिकलेला असेल तर काही शे डॉलर सहज, रिबिल्ड असेल तर बरंच खाली. ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, विकून झालेल्यांच्या लिस्ट बघा. पॅराट्रूपरचं डी आकाराच्या लूपवालं एम-टू हजारोंत जातं, पण ते तुमचं नाही आणि कोणी आहे म्हणून विकायला आला तर दहा वेळा तपासा.

राहिली नॉर्मंडीची गोष्ट. साल जमतंय, जून १९४४ ला हे शेल तिकडे असू शकतं, पण शेल काही ते सिद्ध करत नाही. लायनरच्या आतल्या कातडी पट्टीवर, कपाळाला लागते तिथे, शाईने एक अक्षर आणि चार आकडे आहेत का बघा. सैनिक आडनावाचं पहिलं अक्षर आणि सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे असे लिहायचे. कातडं सुकलंय, वाकवू नका, तिरका उजेड टाकून फोटो काढा. आणि त्या बाईंचा पत्ता अजून असेल तर त्यांना एकदा विचारा, वडिलांचं आडनाव काय आणि नंबराचा जुना कागद घरात आहे का.